शेत बुधवारीही असतं

शनिवारी संध्याकाळी बुधवार पेठेत अलीकडे एक नवं गिऱ्हाईक हमखास दिसतं. तपकीर गल्लीत ते मोटारीची केबल आणि स्टार्टर विचारतं. मग रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जाऊन ताडपत्री, चार घमेली, दोन खुरपी घेतं आणि परतताना आप्पा बळवंत चौकात शेतीच्या पुस्तकांच्या फळीपुढे रेंगाळतं. खुरपं ते मुठीत धरून पाहत नाही, चकाकी पाहून घेतं. दुकानदार मनात ओळखतो : गुंठ्यांवर जमीन घेतलेली दिसते, मुळशीला नाहीतर पुरंदरला. रविवारी सकाळी गाडी निघते, डबे उघडतात, रोपांना पाणी घातलं जातं, फोटो निघतात. सोमवारी सगळे आपापल्या कचेरीत. शेत मात्र तिथेच असतं. सोमवारी असतं, मंगळवारी असतं, बुधवारीही असतं. नव्या शेतकऱ्याची खरी परीक्षा या मधल्या वारांत होते, आणि पुस्तकाच्या फळीवर नेमकी तीच प्रकरणं नसतात.

शेती आणि ही पेठ यांचं नातं तसं जुनं. पाच-सात मिनिटांवर १८८६ साली उघडलेली मंडई आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पुणे जिल्ह्याची भाजी उतरली. मुलींची आपली पहिली शाळा याच पेठेतल्या भिडेवाड्यात काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याचं वर्णन म्हणून आपण तो ओळखतो, पण पलटणीतल्या शिपायांकडून ताली-बांध घालून घ्यावेत, पाणी शिवारात मुरवावं, अशा रोखठोक सूचनाही त्यात आहेत. आणि याच पेठेत कचेरी असलेल्या ‘सकाळ’ने २००५च्या एप्रिलमध्ये ‘ॲग्रोवन’ हे शेतीला वाहिलेलं दैनिक सुरू केलं. म्हणजे शेतीविषयी लिहिण्याबोलण्यात ही पेठ कधी मागे नव्हती. करणं तेवढं गावाकडे राहिलं.

आधी कागद

हौस शेतापासून सुरू होते, पण शेती तलाठ्याच्या कागदापासून. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या (१९४८) कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे वाड्यातल्या कुटुंबांत अचानक आजोबांच्या गावचा सातबारा शोधायची धांदल उडते. चुलत्यांच्या नावांखाली आपलंही नाव निघालं, तर शेतकरी असल्याचा पुरावा मिळतो आणि कधी कधी जमीनही तीच मिळते, जी पन्नास वर्षं कोणी पाहिलेली नसते.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सात सांगतो जमीन कोणाची, बारा सांगतो त्यात काय पिकतं. नवखा माणूस मालकाचं नाव आणि क्षेत्र वाचून थांबतो. जाणता माणूस आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचतो : कुळाचं नाव आहे का, सोसायटीचा बोजा आहे का, विहिरीत कोणाचा किती हिस्सा आहे. फेरफार मागे मागे तपासत जातो. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. त्यातलं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे सर्वांत लहान मान्य तुकडा, २०२३ साली जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठ्यांवर आणलं गेलं. ‘पाच गुंठ्यांचं फार्म’ अशी जाहिरात दिसली, की त्या तुकड्याचा स्वतंत्र सातबारा होणार आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा.

आणि रस्ता! कागदावर निर्वेध असलेल्या जमिनीला जायला वाट नसते, ही शेतीतली नेहमीची शोकांतिका. बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण कायद्याने मिळालेल्या वाटेवरून रोज जायचं ते शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोरून. म्हणून मोजणी करून हद्द कायम करणं आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून चहा पिणं, ही दोन्ही कामं पहिल्याच महिन्यात उरकावीत. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. सहा दिवस तुमच्या शेतावर नजर असणार ती त्याचीच.

मग पाणी

पुण्यापासून साठ किलोमीटरच्या आत पावसाचे दोन वेगळे देश आहेत. मुळशी-वेल्ह्याकडे पाऊस इतका, की भाताशिवाय दुसरं सुचू नये. पुरंदरकडे पर्जन्यछाया, म्हणून तिथे अंजीर आणि सीताफळ. जमीन घेणारा बहुधा पावसाळ्यात जातो, हिरवा डोंगर आणि खळाळता ओढा पाहून भाळतो आणि बयाणा देऊन येतो. मार्चमध्ये ओढा आटतो, मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो.

पाण्याचा धडा गिरवायला नायगावसारखी दुसरी शाळा नाही. १९७२च्या दुष्काळाने हादरलेले पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या या गावी गेले, देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन खंडाने घेतली आणि कुटुंबासह तिथे राहून शेतीला लागले. शेतीत तेही नवखेच. त्यांनी आधी पीक निवडलं नाही. उतार पाहिला, बांध घातले, पाणी अडवलं, विहीर खोदली. तिथूनच पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही नव्या शेतकऱ्याने भिंतीवर लावावेत असे आहेत. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही.

यातलं गणित घरगुती आहे. जमीन किती यापेक्षा पाणी किती आणि हात किती, त्यावर शेत किती ते ठरतं. दोन एकर घेणाऱ्याने पहिल्या वर्षी दहा गुंठेच कसावेत, बाकी ताग पेरून गाडून टाकावा. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर तर दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब उत्तम जगू शकतं, असं हिशेबानिशी मांडत. ते गणिताचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या शेतीत आधी मोजमाप येई, मग खत.

दिवस कसा जातो

शेतावर राहायला गेलेल्या कुटुंबाचं घड्याळ जनावर ठरवतं. दावणीला एक संकरित गाय असली, तरी पहाटे पाचला धार आणि संध्याकाळी पाचला पुन्हा धार. मध्ये वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो कडबा, शेण काढणं, पाणी पाजणं. डेअरीच्या काट्यावर फॅट आणि एसएनएफ लागतं, आणि त्यावर आपली सकाळ बरी की वाईट ते ठरतं. लग्नाला जायचं तर आधी धार कोण काढणार ते ठरवा. म्हणून शहाणे लोक पहिल्या वर्षी गाय घेत नाहीत. दोन उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळ्या घेतात : पाच महिन्यांचा गाभणकाळ, बहुधा जुळी करडं, आणि चुकलं तर नुकसान सोसण्याइतकं. कोंबड्या स्वस्त वाटतात, पण पिल्लांना पहिल्याच आठवड्यात लस चुकली, की मानमोडी सगळा खुराडा रिकामा करते. लशीने वाचलेल्यांवर मुंगसाचा डोळा असतोच.

पाण्याची पाळी ही दुसरी नोकरी. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली, की बॅटरी आणि काठी घेऊन बांधावर उभं राहायचं, एक वाफा भरला की दार मोडून दुसऱ्यात सोडायचं. याला ‘दारं धरणं’ म्हणतात. सौरपंपाने आता ही रात्रपाळी पुष्कळांची सुटू लागली आहे, ही गेल्या काही वर्षांतली खरी चांगली बातमी. ठिबक असलं तरी सुटका नाही. लॅटरल उंदीर कुरतडतात, ड्रिपर तुंबतात, रोज एक फेरी मारावीच लागते.

आणि एक शब्द शिकावा लागतो : वाफसा. पाऊस पडून गेला, माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत दाबली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते, ती अवस्था. पेरणीला, कोळपणीला, खुरपणीला वाफसा लागतो, आणि तो दोन-तीन दिवसच टिकतो. तो मंगळवारी आला आणि तुम्ही रविवारी गेलात, तर तोवर तण गुडघ्याला लागलेलं असतं. खुरपायला बाया मिळत नाहीत, कारण वाफसा साऱ्या गावालाच त्याच दिवशी आलेला असतो. ज्याने आधी दुसऱ्याच्या शेतात हात लावला, त्याच्याकडे सावडीने माणसं येतात. पैसा दाखवून दरवेळी येत नाहीत.

या दिवसात बाईचा वाटा किती, हे बोलल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. धार, चूल, खुरपणी, करडांचं दुखणं-खुपणं बहुधा तिच्याकडे आणि सातबारा त्याच्या नावावर. शेतकरी संघटनेने यावर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवली होती : नवऱ्याने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करून द्यायचा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ही दुरुस्ती पहिल्याच खरेदीखतात करता येते.

पट्टी

पिकं निवडताना घाई आणि धीर दोन्ही पेरावे. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर सव्वा-दीड महिन्यात निघते. शेवगा वर्षाच्या आत हाताला येतो, आंब्याला पाच वर्षं. मेथीने उमेद टिकते, आंब्याने शेत. पण पिकवणं हा निम्माच खेळ आहे.

उरलेला निम्मा समजून घ्यायला अंबेठाणला जायला हवं. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेतली नोकरी सोडून १९७६-७७च्या सुमारास सहकुटुंब परतले आणि चाकणजवळच्या अंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः कसू लागले. हाच तो अंगारमळा. शिकलेला, कष्टाळू, हिशेब चोख ठेवणारा माणूस, तरी वही जुळेना. माल विकून आलेल्या पट्टीतून आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्याच्या हाती पुष्कळदा जवळजवळ काहीच उरत नसे. कधी उलट तोच देणं लागे, त्याला म्हणतात उलटी पट्टी. नवखे बहुतेक इथे स्वतःला दोष देतात. जोशींनी भावाला दोष दिला, आणि चाकणच्या कांद्यापासून शेतकरी संघटना उभी राहिली.

तेव्हापासून काही बदललं. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, आडत खरेदीदाराकडे गेली, शहरांत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. इंदापूर तालुक्यातल्या भोदणीचे हंगे बंधू बँकेतल्या नोकऱ्या सोडून वडिलोपार्जित जमिनीवर परतले आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवण्यावर त्यांनी व्यवसाय उभा केला. मात्र त्यांच्याकडे जमीन आधीपासून होती, हे विसरून त्यांचा कित्ता गिरवू नये.

निष्कर्ष

महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१९ ते २०२८ हे कौटुंबिक शेतीचं दशक मानलं आहे. लहान शेत हा अपवाद राहिलेला नाही. शहरातून जाणाऱ्याने आपण काही जगावेगळं करतो आहोत, ही भावना वेशीवर ठेवावी. तो ज्या गावी जातो तिथे बहुतेक सगळे तेच करत असतात, फक्त फोटो न काढता.

‘काहीही न करता शेती’ म्हणून जपानच्या फुकुओकांचं नाव आपल्याकडे घेतलं जातं. पण त्यांनी वडिलांची संत्र्याची बाग पहिल्यांदा नुसती सोडून दिली, तेव्हा फांद्या गुंतल्या, कीड पडली आणि झाडं वाळली, हे त्यांनीच प्रांजळपणे सांगितलं आहे. न करण्याआधी त्यांनी वर्षानुवर्षं रोज पाहिलं. साळुंखे नायगावला राहिले, जोशी अंबेठाणला राबले. टिकलेल्यांत समान धागा शोधला तर तो खतात नाही, जातीच्या बियाण्यात नाही. ती माणसं तिथे होती, एवढाच आहे.

म्हणून जमीन घ्यायचा विचार करत असाल, तर दोन गोष्टी करा. बयाणा देऊ नका, आणि ती जमीन रविवारी पाहू नका. मे महिन्यातल्या एखाद्या बुधवारी, भर दुपारी दोन वाजता, एसटीने जा. विहिरीत डोकावा. बांधावर जो भेटेल त्याला विचारा, की गेल्या वर्षी इथे काय होतं आणि पट्टी किती आली. मग जुलैतल्या पावसात पुन्हा एका बुधवारी जा आणि चिखलातून शेतापर्यंत पोचता येतं का पाहा. दोन्ही वेळा परतताना पुन्हा यावंसं वाटलं, तर खुशाल तपकीर गल्ली गाठा. केबल मात्र मोजून वीस फूट जास्तच घ्या.