तीनशे वर्षं, रोज एक उड्डाण

स्पेस शटल गमावण्याचा धोका किती? नासाच्या वरिष्ठांच्या लेखी तो लाखात एक होता. हाताखालचे अभियंते शंभरात एक म्हणत. चॅलेंजर दुर्घटनेच्या चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी वरिष्ठांच्या आकड्याची फोड करून दाखवली: तीनशे वर्षं रोज एक यान सोडलं, तरी एखादंच गमवावं लागेल! प्रत्यक्षात १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणं झाली आणि दोन यानं गेली. सदुसष्टात एक.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वर माहिती पोहोचतच नसावी. तसं नव्हतं. यानाला उचलणाऱ्या घन इंधनाच्या रॉकेटचे भाग एकमेकांना जोडलेले असत आणि सांध्यातून तप्त वायू निसटू नये म्हणून तिथे रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बसवलेली असे. नोव्हेंबर १९८१ मधल्या दुसऱ्याच उड्डाणात ती झिजलेली आढळली, आणि ते वरपर्यंत माहीत होतं. पण कडी मुळात झिजायलाच नको होती, असं खालचे म्हणत. वरचे म्हणत, एक तृतीयांशच झिजली, म्हणजे अजून तिप्पट वाव आहे. यान सुखरूप परतलं की वरचा विश्वास वाढे आणि खालची धास्तीही.

जानेवारी १९८५ मध्ये सांध्याचं तापमान १२ अंश सेल्सिअस असताना झालेल्या उड्डाणात कडीपलीकडे काजळी सापडली. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले रॉजर बॉइजॉली यांनी जुलैमध्ये वरिष्ठांना लेखी इशारा दिला. दुरुस्तीसाठी गट नेमला गेला, पण त्याला माणसं आणि साहित्य मिळेना. ऑक्टोबरमधल्या एका टिपणाची सुरुवातच ‘मदत करा!’ अशी आहे. कार्यालयीन पत्रव्यवहारात असा शब्द कोण उगाच लिहितं?

चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, दूरध्वनीवर बैठक झाली. १२ अंशांखाली उडू नका, असं थायोकॉलचे अभियंते म्हणाले. नासाच्या अधिकाऱ्यांनी पुरावा मागितला, आणि इथे अभियंतेही कमी पडले, हे मान्य करायला हवं. तोवरच्या २४ उड्डाणांपैकी १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, तर त्याहून उबदार २० पैकी फक्त तिनांत. एवढं एका तक्त्यावर मांडलं असतं, तर निम्मा वाद मिटला असता. तो तक्ता कुणी केलाच नाही. मग कंपनीची माणसं अर्धा तास स्वतंत्र बसली. अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखांना त्यांच्या वरिष्ठांनी अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं. चार व्यवस्थापकांनी निर्णय फिरवला. अभियंत्यांना मत नव्हतं. सकाळी तापमान होतं २ अंश. यान ७३ सेकंद टिकलं. सातही अंतराळवीर गेले.

फाइनमन यांनी पुढे हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रात एक साधा प्रयोग केला. तीन अभियंते आणि त्यांचे वरिष्ठ यांच्या हाती कागद दिले आणि इंजिन बिघडून उड्डाण फसण्याची शक्यता लिहायला सांगितली. अभियंत्यांची उत्तरं दोनशेत एक ते तीनशेत एक. वरिष्ठांनी आधी लिहिलं, आकड्यात सांगता येत नाही. खोदून विचारल्यावर लाखात एकवर आले. चौघेही एकाच खोलीत बसले होते.

सतरा वर्षांनी हाच प्रकार पुन्हा घडला. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या डाव्या पंखावर इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा आदळला. फोम पूर्वीही पडत आला होता, यानं परतत आली होती; वरिष्ठांनी तो देखभालीचा प्रश्न ठरवला. कक्षेतल्या यानाची छायाचित्रं मिळावीत म्हणून अभियंत्यांनी तीनदा मागणी केली. छायाचित्रं आली नाहीत. रॉडनी रोचा या अभियंत्याने छायाचित्रं न घेण्याचा निर्णय चुकीचा असल्याचा ईमेल लिहिला, छापून सहकाऱ्याला दाखवला, पण वर पाठवला नाही. १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सात जण परतीच्या वाटेवर मरण पावले.

चौकशी मंडळाने त्यानंतर स्वतंत्र तांत्रिक प्राधिकरण नेमायला सांगितलं. त्याचा पैसा थेट मुख्यालयातून यावा आणि शटलच्या वेळापत्रकाशी किंवा खर्चाशी त्याचा काहीही संबंध नसावा, अशी अट घातली.