तणाच्या तोंडी जाणारे खत

गव्हाला खत दिले, पाणी दिले, तरी गहू पिवळाच. असे का? वावरात उतरून पाहा. चाकवत गव्हाच्या वर गेलेला असतो. बुडाशी हरणखुरी पसरलेली असते. खत धनी ओळखत नाही. ते पाण्यात विरघळले, की ज्याचे मूळ आधी पोचेल तो ते पितो. तण याबाबतीत फार चपळ!

निंदायला माणसे मिळेनात, की लोक तणनाशक आणतात. गव्हात वापरतात त्यांतले एक जुने औषध म्हणजे टू-फोर-डी. ते 1945 साली अमेरिकेत विक्रीला आले. ते रुंद पानाचे तण मारते आणि गहू सोडते. औषधाला काय डोळे असतात? मग ते निवड कशी करते?

झाडाच्या अंगात वाढ घडवणारे एक द्रव्य असते. हे औषध त्याच द्रव्याची नक्कल आहे. चाकवताचे पान रुंद. फवारा त्यावर बसतो, आत शिरतो, आणि पानात तयार झालेल्या अन्नाबरोबर शेंड्याला व मुळाला पोचतो. मग वाढ बेताल होते. देठ पिळवटतात, खोड फुगते, अन्नपाण्याच्या नळ्या दाबल्या जातात. मूळ नत्र, स्फुरद, पालाश उचलीनासे होते. तण उभ्या जागी वाळते.

गहू गवताच्या कुळातला. त्याचे पान अरुंद नि उभे, थेंब ओघळून जातो. वाढीचा कोंब पानांच्या आत लपलेला असतो. थोडे औषध आत गेलेच, तर गहू ते पचवून निकामी करतो.

फवारणीनंतर गहू हिरवागार दिसतो. मग काहीजण म्हणतात, "अहो, या औषधात खतच आहे!" आम्ही सांगतो, तसे मुळीच नाही. तणाचे मूळ बंद पडले, म्हणून जमिनीतले अन्न गव्हाला उरले, इतकेच. पण वावरात हराळी असली तर? तीही गवतच. तिला हे औषध बाधत नाही. चाकवताच्या वाट्याचे खत ती आयते खाते. तिच्या काशा नांगरून वेचाव्याच लागतात.

तणाने एकदा गिळलेले नत्र लगेच परत मिळत नाही. तण कुजेल तेव्हा मिळेल. म्हणून तण कोवळे असतानाच, पेरणीनंतर 30 ते 35 दिवसांनी फवारावे. फार लवकर किंवा पोटरीत आल्यावर फवारले, तर गव्हाच्याच ओंब्या वेड्यावाकड्या होतात. मात्रा डब्यावर लिहिलेली असते. ती वाचा, आता वाचता येते ना!

गव्हात हरभरा किंवा मोहरी असेल तर हे औषध नको. तीही रुंद पानाचीच. वारा असताना फवारू नका. शेजाऱ्याच्या कपाशीवर थोडा शिंतोडा गेला तरी तिची पाने भेंडीच्या पानांसारखी होतात, आणि बांधावर भांडण उभे राहते. हा पंप कपाशीला वापरूच नये. फवारलेल्या वावरातला चाकवत भाजीला खुडू नये, गुरांनाही टाकू नये.