विजेचा दर कोणी ठरवावा?

लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला जाताना डोंगरावरून खाली आलेले मोठाले लोखंडी नळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तीन तलावांचे पाणी त्यांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येते व त्यावर वीज तयार होते. टाटांचे हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. पुढे आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह चालू झाले. पाणी मावळचे, वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांना. मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर त्यानंतरही कित्येक वर्षे कंदीलच जळत होते.

आम्ही बँकेत काम करतो. पासबुक भरायला आलेली माणसे बोलता बोलता विचारतात, “साहेब, वीज खासगी झाली तर स्वस्त होईल का हो?” प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही.

किराणा दुकानदार महाग वाटला तर आपण पलीकडच्या दुकानात जातो. विजेची तार मात्र घरात एकच येते. दुसऱ्या कंपनीने गावभर पुन्हा खांब आणि तारा उभारायच्या म्हटले, तर तो दुप्पट खर्च शेवटी ग्राहकाच्याच डोक्यावर बसणार. म्हणून या धंद्यात मक्तेदारी आपोआप येते. मक्तेदाराने मनाला येईल तो दर लावू नये यासाठी दरावर देखरेख ठेवणे, याला नियमन म्हणतात. त्यातही दोष आहे. खर्च आणि त्यावर ठरावीक नफा मिळण्याची खात्री असली की काटकसर करायची निकड राहत नाही. म्हणून निदान वीजनिर्मितीत तरी स्पर्धा येऊ द्यावी, हा नियमनमुक्तीमागचा विचार आहे.

हा वाद नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी हाच प्रश्न मांडला. वीज खासगी मालकीची असावी की सरकारच्या? खासगी असलीच तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? वीज मुबलक आणि स्वस्त असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असा त्यांचा विचार होता. पुढे १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला आणि त्यानुसार १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले.

१९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीशी डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्या नव्हत्या. वीज घेतली नाही तरी मंडळाने ठरावीक रक्कम द्यायची होती, आणि डॉलर महागला की देणे वाढत होते. २००१ साली प्रकल्प बंद पडला. याला स्पर्धा म्हणता येत नाही, आणि देखरेखही म्हणता येत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने दुसरा धडा दिला. १९९६ साली कायदा करून तेथे वीजबाजार मोकळा केला. २०००-०१ मध्ये व्यापाऱ्यांनी कृत्रिम टंचाई करून घाऊक दर भडकवले. त्यांत एन्रॉनही होती. किरकोळ दर मात्र बांधलेले होते. महाग घेऊन स्वस्त विकणारी तेथील एक मोठी वीजकंपनी एप्रिल २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आपल्याकडे १९९८ च्या कायद्यानंतर १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला. २००३ च्या कायद्याने निर्मिती बरीचशी परवानामुक्त केली आणि मोठ्या ग्राहकांना दुसरीकडून वीज घेण्याची वाट दिली. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. घरगुती दर मात्र आयोगच ठरवतो.

आम्हांस हे बँकेच्या उदाहरणावरून चांगले कळते. २०११ साली बचत खात्यावरील व्याज ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली, पण रिझर्व्ह बँक उठून गेली नाही. दर मोकळा झाला, देखरेख राहिली. विजेतही असेच हवे. जेथे खरी स्पर्धा शक्य आहे तेथे ती येऊ द्यावी. जेथे तार एकच आहे तेथे पहारा सैल पडू देऊ नये.

हा पहारा एकट्या आयोगाचा नाही. दरवाढीच्या प्रस्तावाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि जनतेच्या हरकती व सूचना विचारात घेऊनच आयोगाने निर्णय द्यायचा असतो, असे कायदा सांगतो. धरणे बांधली गेली तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना असे बोलायला जागा नव्हती. आज ती आहे, पण त्या जागी आपली माणसे क्वचितच दिसतात.

विद्यार्थी मित्रांनी एवढे करावे. घरचे बिल आईवडिलांसमोर बसून वाचावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क यांचा अर्थ समजून घ्यावा. पुढच्या वेळी दरवाढीची सूचना येईल तेव्हा समाजमंदिरात बसून एक हरकतीचा अर्ज लिहावा. अर्ज लिहायला पैसा लागत नाही, अक्षर लागते, आणि ते आता आपल्या घरोघरी आले आहे.