सप्ताहाचा सूर आणि शहर

श्रावण शुद्ध षष्ठीस, म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, वास्को शहरात श्री दामोदर भजनी सप्ताह सुरू होतो. नाव सप्ताहाचे असले तरी अखंड भजन चालते ते चोवीस तास. फेरी मात्र पुढे कित्येक दिवस रेंगाळते. गाळे किती, वाहतूक कोठून वळवावी, कचरा कोणी उचलावा, ही चर्चा दरवर्षी रंगते. भजनाविषयी मात्र कोणी बोलत नाही. आम्हांस तेच अधिक अगत्याचे वाटते.

१८८८ साली मुरगाव बंदरापासून ब्रिटिश मुलुखापर्यंत लोहमार्ग सुरू झाला. बंदर आणि रेल्वे यांच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीत माणसे ठिकठिकाणाहून आलेली. त्यांना एकत्र बांधणारे गावकारीचे जुने बंधन नव्हते. शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने थैमान घातले, तेव्हा येथील मंडळींनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घालून प्रसादाचे श्रीफळ आणले व त्यापुढे भजन आरंभिले, असे परंपरा सांगते. संकट टळले, भजन मात्र राहिले.

अखंड भजनाचा नियम साधा, पण कठोर आहे. सूर तुटता कामा नये. एक पथक उठते ते दुसऱ्याने ठेका धरल्यावरच. एरवी बाजारात परस्परांशी घासाघीस करणारी माणसे येथे एकमेकांच्या वेळेवर येण्यावर विसंबून असतात. रात्री निरनिराळ्या समाजांचे व व्यावसायिकांचे पार निघतात, नामवंतांचे गाणे रस्त्यावर विनामूल्य ऐकावयास मिळते. यात गैर काहीच नाही. परंतु ऐकणारे वाढले आणि गाणारे घटले, तर उत्सव उरेल, सप्ताह उरणार नाही.

गोव्यात भजनी पथकांचा तुटवडा नाही. कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती स्पर्धेत पुरुषांची, महिलांची व बालकांची पथके हिरिरीने उतरतात. तथापि स्पर्धेला परीक्षक असतो, बक्षीस असते. पहाटे तीनच्या पाळीला यांपैकी काहीही नसते. तेथे बसणारा केवळ आपल्या शहराचा शब्द पाळत असतो.

म्हणून आमची सूचना एवढीच, की दिवसाच्या पाळ्यांत शाळकरी मुलांना व रात्रीच्या पाळ्यांत शहरात नव्याने राहावयास आलेल्यांना आवर्जून बोलवावे. हा सप्ताह ज्यांनी सुरू केला, तेही एके काळी या गावात नवेच होते.