मालकीच्या रानाला हवा कुऱ्हाडीखेरीज दुसरा पर्याय

मुंबई-गोवा महामार्गावरून संगमेश्वर तालुक्यात शिरले की दोन्ही बाजूंचे हिरवे डोंगर पाहून प्रवाशाला वाटते, हे सारे वनखात्याचे राखीव जंगल असावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अगदीच थोडी आहे. डोंगरउतारांवरील ऐन, किंजळ, बेहडा, जांभळाचे रान बहुतांशी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग वनाच्छादित दिसतो; पण त्या मोजणीत आंबा-काजूच्या बागाही येतात. त्यामुळे जुने रान जाऊन तेथे काजू उभा राहिला तरी आकड्यांत फारसे बिघडत नाही. डोंगरावर मात्र बरेच काही बिघडते.

हे रान तुटते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. जमीन बहुधा सामायिक असते. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या वारसांची लांबलचक यादी असते आणि त्यांतील निम्मे मुंबई-ठाण्याला स्थायिक झालेले असतात. रानापासून वर्षाकाठी उत्पन्न म्हणावे असे काही येत नाही. अशा वेळी ठेकेदार दारात येतो. संमत्या गोळा करणे, परवानगीचे कागद, मजूर, वाहतूक हे सारे तो पाहतो आणि उभ्या रानाचे रोख पैसे मोजतो. मुलीचे लग्न, आजारपण किंवा घरदुरुस्ती समोर उभी असलेल्या मालकाला नकार देणे अवघड जाते. रानाच्या मालकाला घरबसल्या मिळणारी ही एकमेव सेवा आहे आणि तिचा शेवट कुऱ्हाडीने होतो.

कायदा अडवतो, पण देत नाही

कायदे नाहीत असे नव्हे. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, फणस अशी अनुसूचित झाडे तोडण्यासाठी परवानगी लागते. खासगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अनेक खासगी वने शासनाच्या मालकीची झाली. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातील अर्थाने जे वन आहे त्याला वन संवर्धन कायदा लागू होतो, असा आदेश दिला.

या तरतुदींमुळे काही जंगले निश्चितच वाचली. परंतु काय करू नये हे सांगणारा कायदा रान राखणाऱ्याच्या हाती काहीच ठेवत नाही. उलट, झाडे वाढू दिली तर जमिनीवर ‘वन’ असा शिक्का बसेल, ही धास्ती मालकांच्या मनात कायम असते. रान राखणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो, तो असा.

फिनलंडचा अनुभव

गावाकडे जमीन आणि मालक शहरात, ही अडचण केवळ कोकणाची नाही. फिनलंडमधील सुमारे ६० टक्के वनजमीन खासगी व्यक्तींची आहे. मालकांची संख्या सहा लाखांहून अधिक असून त्यांतील अनेक जण आपल्या जंगलापासून दूर शहरात राहतात. त्यांच्यासाठी तेथील सरकारी वनकेंद्राने २०१२ मध्ये ‘मेत्सान’ ही ऑनलाइन सेवा सुरू केली आणि २०१५ पासून ती मोफत केली. विमानातून केलेल्या लेसर मोजणीच्या आधारे मालकाला आपल्या जंगलात कोणती झाडे आहेत, लाकूड किती आहे आणि विरळणी कधी करावी, हे घरबसल्या कळते. वारसांमध्ये तुकडे पडू नयेत म्हणून सामायिक वनाची कायदेशीर व्यवस्था आहे. प्रत्येकाचा हिस्सा नोंदलेला राहतो, कारभार मात्र एकत्र चालतो. शिवाय २००८ पासून ‘मेत्सो’ योजनेखाली मालक स्वेच्छेने आपले जंगल संरक्षणासाठी देऊ करतो आणि शासन त्याचा मोबदला देते.

फिनलंडचे जंगल प्रामुख्याने लाकडासाठी वाढवलेले, कोकणचे विविध प्रजातींचे. तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी येथे लागू पडणार नाही. घेण्यासारखे आहे ते तत्त्व: मालकाला माहिती, एकत्र कारभाराची सोय आणि राखणीचा मोबदला मिळाला पाहिजे.

बेहड्याचे अर्थकारण

या तत्त्वाचा एक प्रयोग संगमेश्वर परिसरातच झाला आहे. पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ ही १९९४ पासून कार्यरत असलेली संस्था मालकांशी ठरावीक मुदतीचे संवर्धन करार करते. मालकाने त्या काळात रान तोडायचे नाही आणि त्याबदल्यात त्याला मोबदला किंवा अन्य मदत मिळते.

दुसरा मार्ग फळांचा. बेहड्याचे जुने झाड म्हणजे धनेश पक्ष्याचे घर. मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेऊन अंडी उबवते, आणि एवढी मोठी ढोली जुन्या झाडातच सापडते. लाकूड म्हणून या झाडाला एकदाच किंमत येते. त्रिफळा चूर्णातील एक घटक असलेले त्याचे फळ मात्र वर्षानुवर्षे मिळते. २०१५ मध्ये या भागातील बेहड्याला आणि भीमाशंकर परिसरातील हिरड्याला ‘फेअरवाइल्ड’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. झाडाला इजा न करता फळे गोळा करणे, काही फळे वन्यजीवांसाठी राखणे, नोंदी ठेवणे आणि गोळा करणाऱ्यांना रास्त दाम देणे या त्याच्या अटी आहेत. ब्रिटनच्या ‘पक्का हर्ब्ज’ या कंपनीने हा माल घेतला. उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा मोलाचे ठरू शकते, हे यातून दिसले.

अर्थात, प्रत्येक रानात बेहडा नाही आणि एकाच परदेशी खरेदीदारावर गावाने विसंबणेही शहाणपणाचे नाही. कार्बन क्रेडिटकडूनही फार अपेक्षा ठेवता येत नाही. त्या बाजारात राखणीमुळे अधिकचा कार्बन साठला किंवा टळणारी तोड टळली, हे सिद्ध करावे लागते. चार एकर रानाच्या मालकाला मोजणीचा आणि तपासणीचा खर्चच परवडत नाही. त्यासाठीही मालकांनी एकत्र येणे भागच आहे.

म्हणून आज गरज आहे ती तालुका पातळीवरील सेवाकेंद्राची: सामायिक जमिनीचे कागद नीट करून देणारी, झाडांची नोंद करणारी, फळांना गिऱ्हाईक शोधणारी, अडीअडचणीला रानाच्या भरवशावर उचल देणारी. ठेकेदार जे सारे एका भेटीत देतो, तेच रान उभे ठेवून देता आले, तरच मालकापुढे खरी निवड असेल. आणि या मालकांतले कितीतरी जण आज मुंबई-पुण्यातच राहतात. गणपतीला गावी गेल्यावर घरामागच्या डोंगराचा सातबारा एकदा काढून पाहिला, तर त्यावर त्यांना स्वतःचेच नाव सापडेल.