बोट ठेवून निवडलेला रंग

लग्नपत्रिका छापायला आलेले गिऱ्हाईक सांगते, "मोरपंखी हवाय." हा मोरपंखी निळ्याकडे झुकणारा की हिरव्याकडे, ते शब्दांत ठरत नाही. डाळिंबी, अबोली, आमसुली, चिंतामणी या प्रत्येक नावात अनेक छटा मावतात. शिवाय रंगाची आठवण माणसाच्या मनात फार काळ नेमकी राहत नाही. म्हणून मुद्रक टेबलाच्या खणातून शेडकार्ड काढतो, पंख्यासारखे उघडतो आणि हव्या त्या चौकटीवर बोट ठेवायला सांगतो. इतकी साधी दिसणारी ही पद्धत घडायला काही शतके लागली आहेत.

१६९२ साली ए. बोगर्ट या डच चित्रकाराने जलरंगांवर एक हस्तलिखित ग्रंथ तयार केला. मूळ रंगात एक भाग पाणी घातले तर काय होते, दोन भाग घातले तर काय, हे त्याने पानोपानी स्वतः रंग लावून दाखवले. सातशेंहून अधिक पानांचे हे काम पाहताना आजही थक्क व्हायला होते. पण त्याची प्रत एकच होती. ती आता फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स शहराच्या ग्रंथालयात आहे. ज्या काळात ती उपयोगी पडली असती, त्या काळात ती फारच थोड्यांच्या हाती गेली असणार.

स्कॉटलंडचा फुलांचा चित्रकार पॅट्रिक साइम याने १८१४ मध्ये पुढचे पाऊल टाकले. जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याची रंगनामावली घेऊन त्याने ती वाढवली आणि प्रत्येक नावाशेजारी हाताने रंगवलेला कागदाचा तुकडा चिकटवला. तोच रंग प्राण्यात, वनस्पतीत आणि खनिजात कुठे सापडतो, हेही शक्य तिथे लिहिले. प्रशियन निळ्यासाठी त्याने रानबदकाच्या नराच्या पंखावरचा ठिपका, ॲनिमोन फुलाचे पुंकेसर आणि तांब्याचे निळे खनिज अशी तीन ठिकाणे दिली. चार्ल्स डार्विनने हे पुस्तक बीगल जहाजावर सोबत नेले आणि सफरीतल्या टिपणांत त्यातली रंगनावे वापरली. हजारो मैल दूर असलेल्या वाचकाला रंग कळावा, याची ही सोय होती.

छपाईची अडचण मात्र वेगळी होती. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला छापखाना शिळाछापाचा होता. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक थर चढत जाऊन लक्ष्मी-सरस्वतीच्या चेहऱ्याचा वर्ण तयार व्हायचा. अशा छपाईत शाईचे मिश्रण कारागिराच्या नजरेवर चालते. नजर तयार असेल तर काम अप्रतिम होते, पण ती नजर दुसऱ्या गावच्या छापखान्यात पाठवता येत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत लॉरेन्स हर्बर्ट यांनी सोडवला. १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या एका छपाई-जाहिरात कंपनीत लागले. सौंदर्यप्रसाधनांची शेडकार्डे छापणे हे तिथल्या कामांपैकी एक होते. हर्बर्ट यांना रसायनशास्त्राचे ज्ञान होते. १९६२ मध्ये त्यांनी छपाईचा विभागच विकत घेतला आणि १९६३ मध्ये पँटोन या नावाची रंगजुळणी पद्धत बाजारात आणली. तिचे मर्म तिच्या शेडकार्डातल्या प्रत्येक चौकटीखालच्या बारीक अक्षरांत आहे. तिथे रंगाचा क्रमांक असतो आणि तो रंग बनवायला कोणत्या मूळ शाईचे किती भाग घ्यायचे, याचे प्रमाण असते. पुण्याच्या मुद्रकाने त्या प्रमाणात शाया तराजूवर तोलून घोटल्या, की न्यूयॉर्कमध्ये निवडलेला रंग इथे उभा राहतो. मला हा शोध फार मोठा वाटतो. साइमच्या पुस्तकातून रंग ओळखता येत होता, पँटोनच्या पुस्तकातून तो पुन्हा बनवता येऊ लागला.

पट्ट्यांची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. मूळ रचनेत एका पट्टीवर सात चौकटी असतात. मधली चौकट शुद्ध मिश्रणाची. तिच्या वर पारदर्शक पांढरी वाढवत नेलेल्या फिकट छटा, खाली काळी मिसळलेल्या गडद छटा. त्यामुळे "हाच, पण जरा उजळ" म्हणणाऱ्याला पान उलटावे लागत नाही, बोट फक्त वर सरकते. आज या पुस्तकात दोन हजारांहून अधिक रंग आहेत. लेप दिलेला आर्ट पेपर आणि बिनलेपाचा मॅपलिथो कागद यांची पुस्तके वेगळी असतात, कारण मॅपलिथो शाई पिते आणि त्याच शाईचा रंग त्यावर मंद दिसतो.

पण रोजची बहुतेक छपाई खास मिसळलेल्या शाईने होत नाही. ती सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून होते. या चौघींतून झगझगीत केशरी किंवा गर्द जांभळा पूर्ण तेजाने निघत नाही. म्हणून फोर कलरच्या कामासाठी छापखान्याने स्वतःचा तक्ता छापावा, असे माझे ठाम मत आहे. शून्य ते शंभर टक्के दहा-दहाच्या टप्प्याने गेले, की एका शाईच्या अकरा पायऱ्या होतात. सायन आडवी आणि मॅजेंटा उभी धरली तर एका पानावर १२१ चौकटी बसतात. पुढच्या प्रत्येक पानावर पिवळी दहा टक्क्यांनी वाढवायची. अकरा पानांत १,३३१ रंग होतात. काळीच्याही अकरा पायऱ्या घेतल्या तर आकडा १४,६४१ वर जातो. तेवढ्यांत कुणी शोधत बसणार नाही, म्हणून काळीच्या दोन-तीन पायऱ्या पुरेत.

हा तक्ता नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या शाईने आणि नेहमीच्या कागदावर छापला तरच कामाचा. ठिपका कागदावर पडताना फुगतो, आणि तो किती फुगेल हे कागद आणि मशीन ठरवतात. शाई वाळू द्यावी आणि मग रंग पाहावा. रिफ्लेक्स ब्लूसारख्या सावकाश वाळणाऱ्या शाईबाबत तर घाई अजिबात नको.

पाहायचे कसे, यालाही शास्त्र आहे. दोन नमुने ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात वेगळे दिसतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये प्रकाशाचे वेगवेगळे भाग परत पाठवतात. छपाईच्या क्षेत्रात त्यासाठी ५००० केल्विनचा प्रमाण प्रकाश ठरला आहे. शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईची सूत्रे सांभाळणाऱ्या शेव्हरुल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली होती. तपासल्यावर दोष रंगाईत निघाला नाही. काळ्याला मंद करत होते शेजारचे निळे-जांभळे धागे. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. राखाडी पुठ्ठ्याला चौकटीएवढे भोक पाडून त्यातून एकेक रंग पाहिला, तर ही गफलत टळते.

छापील नमुना कायमचा नसतो. कागद पिवळा पडतो, शाई उडते, हाताळून चौकटी घासल्या जातात. भारताच्या राष्ट्रध्वजासाठी १९५१ मध्ये भारतीय मानक ठरले, तेव्हा रंग म्हणूनच उपकरणाने मोजता येणाऱ्या आकड्यांत नोंदवले गेले. छापखान्याला एवढ्या काटेकोरपणाची रोज गरज नसते. शेडकार्ड बंद खणात, उन्हापासून दूर ठेवावे आणि वर्ष-दीड वर्षाने नवे घ्यावे. घरच्या तक्त्याच्या प्रत्येक पानामागे छपाईची तारीख, कागदाचे नाव व वजन, शाईची कंपनी आणि मशीन लिहून ठेवावे. यातले काहीही बदलले, की ते पान पुन्हा छापावे.