एक कंपनी, दोन धंदे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी पॅकिंगची मशीन विकते, असे धरू. तिला आता ताज्या भाज्यांचा घाऊक व्यापारही करायचा आहे.

गैरसमज: नव्या धंद्याला नवी कंपनी आणि नवा जीएसटी नंबर लागतो.
वस्तुस्थिती: दोन्ही सक्तीचे नाहीत. नवा धंदा मेमोरँडममधल्या उद्दिष्टांत बसत नसेल, तर विशेष ठरावाने ती बदलून घ्यावी लागतात. जीएसटीसाठी एका राज्यात एका पॅनवर एक नोंदणी पुरते.

गैरसमज: भाजी करमुक्त, म्हणजे तिचा जीएसटीशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: संबंध येतो तो सामाईक खर्चातून. ऑफिसचे भाडे, सीएची फी यांवरचे इनपुट टॅक्स क्रेडिट पूर्ण घेता येत नाही. एकूण उलाढालीत करमुक्त भाजी 40 टक्के असेल, तर सामाईक क्रेडिटपैकी 40 टक्के सोडावे लागते. हा हिशेब दर महिन्याला करायचा आणि वर्षअखेरीस पुन्हा जुळवायचा.

गैरसमज: एका धंद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.
वस्तुस्थिती: होतो. मशीनमध्ये 10 लाख नफा आणि भाजीत 4 लाख तोटा झाला, तर प्राप्तिकर 6 लाखांवर. सट्ट्याच्या व्यवहारातला तोटा मात्र सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. धंद्याचा न फिटलेला तोटा 8 वर्षे पुढे ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे.

गैरसमज: पाटी वेगळी लावली की देणीही वेगळी.
वस्तुस्थिती: पाटीवर काहीही असो, देणेकरी कंपनीच. भाजीच्या व्यवहारातली थकबाकी मशीनच्या धंद्यातल्या मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते. जोखीम खरोखर तोडायची असेल, तर दुसरी कंपनी काढण्यात अर्थ आहे.

गैरसमज: कर एकत्रच भरायचा, मग हिशेब वेगळे कशाला?
वस्तुस्थिती: ताळेबंद एकच निघतो, तरी टॅलीत प्रत्येक धंद्याचे कॉस्ट सेंटर हवे. भाडे जागेच्या, पगार कामाच्या वेळेच्या प्रमाणात वाटावे आणि सूत्र अधूनमधून बदलू नये. कंपनीने प्राप्तिकराचा 22 टक्क्यांचा दर स्वीकारला असेल, तर अधिभार आणि उपकर धरून तो 25.168 टक्के होतो. म्हणजे भाजीतल्या 4 लाखांच्या तोट्यामुळे कर वाचला साधारण 1 लाख. उरलेले 3 लाख गेलेच, आणि ते कोणत्या धंद्यात गेले हे एकत्र हिशेबात दिसत नाही.